लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये हरणांचा माजाचा काळ कधी आणि कसा पाहावा?
सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आणि तेही अगदी उजाडता उजाडता जा. धुकं असेल तर रेड डिअरचा नर दिसायच्या आधी ऐकू येतो, घशाच्या तळातून ओढून काढलेलं लांबलचक हंबरणं. वाळक्या नेच्यांत शिंगं घुसळतो आणि तो पाला शिंगांवर तसाच लोंबत ठेवून माद्यांभोवती फेऱ्या मारतो. काय रुबाब असतो! रेड आणि फॅलो या दोन जातींची मिळून तिथे ६००हून जास्त हरणं आहेत, त्यामुळे फेरी सहसा फुकट जात नाही. पण किमान ५० मीटर लांब राहा आणि दोन नरांच्या मध्ये कधीही जाऊ नका. कुत्रा घरीच ठेवा. मोबाईल घेऊन जवळ सरकणारी माणसं पाहिली की माझा जीव खालीवर होतो. त्यापेक्षा दुर्बीण न्या.