ओगरला मारायचं की साकव ओलांडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळातला ग्रुप, तुम्ही डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि राक्षस खेळवणारा), चार खेळाडू, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम, सगळे तिसऱ्या लेव्हलला. गेल्या रविवारी एक ओगर (धिप्पाड राक्षस) आणि सहा गॉब्लिन (खुजे राक्षस) यांच्याशी झालेल्या लढाईत दोन तास गेले. दोघं मोबाईलमध्ये घुसले, तिसरा ‘माझो नंबर इलो की हाक मार’ म्हणून चहा टाकायला आत गेला. तर राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) सरळ निम्मे करावेत का?

नको. आधी हिशोब बघू. ओगरचे हिट पॉइंट ५९, एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ११. तुमचे खेळाडू साधारण +५ ने हल्ला करत असतील, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा त्याहून जास्त पडलं की वार लागला. चारातले तीन वार लागणार. एका वाराचं नुकसान आठ बाजूंचा एक फासा अधिक ३ धरलं तर सरासरी साडेसात, चौघांचं मिळून राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) साडेबावीस. तीन राउंडांत ओगर आडवा. गॉब्लिनला ७ च हिट पॉइंट, पण एसी १५ असल्यामुळे निम्म्याच्या जरा वर वार लागतात. त्या सहा जणांना आणखी तीनेक राउंड. एकूण सहा. नियमांप्रमाणे एक राउंड सहा सेकंदांचा. छत्तीस सेकंदांच्या मारामारीला तुम्हाला दोन तास लागले, राउंडला वीस मिनिटं! हिट पॉइंट निम्मे केलेत तर तासाभरात सुटाल, पण त्या तासातही प्रत्येक जण एकदा फासा टाकणार आणि मग पाव तास दुसऱ्यांची तोंडं बघत बसणार. कंटाळा तसाच, फक्त अर्धा.

वाट बघण्याचा भाग सोपा आहे, त्यावर फार बोलत नाही. नाव पुकारताना दोन नावं पुकारा, ‘आता अमका, त्याच्यामागे तमकी’. मागची व्यक्ती तेवढ्यात आपला विचार करून ठेवते. हल्ल्याचा आणि नुकसानीचा फासा एकदमच टाकायला लावा. राक्षसांच्या नुकसानीसाठी फासे टाकूच नका, पुस्तकात सरासरी छापलेली असते. ओगरचा सोटा लागला की १३, विषय संपला. सहा गॉब्लिनांचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा आकडा) एकच, हे तर नियमातच आहे, पण पुष्कळ डीएम सहा वेळा फासा टाकत बसतात. जादूगार खेळणाऱ्याने आपले मंत्र वहीत स्वतःच्या हाताने उतरवलेले असावेत, पुस्तक चाळण्यात जेवढा वेळ जातो तेवढा कशातच जात नाही. नियमावरून वाद झाला तर तुम्ही तिथल्या तिथे निकाल द्या, पुस्तक सेशन संपल्यावर उघडा. वाळूचं घड्याळ लावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. नवख्यांच्या टेबलावर ते लावू नका. माणूस घाबरतो आणि दर वेळी ‘मी तलवारीने मारतो’ एवढंच म्हणायला शिकतो.

आता मूळ दुखण्याकडे. तुमच्या लढाईत ठरवायची गोष्ट एकच होती, कोणाचे हिट पॉइंट आधी संपतात. दुसऱ्या राउंडाला सगळ्यांना कळलेलं असतं की आपण जिंकणार, पुढचं सगळं वसुलीचं काम. मग मोबाईल काढला तर त्या पोरांचं काय चुकलं?

म्हणून लढाई लिहिताना मी आकड्यांच्या आधी एक ओळ लिहितो: ओगरला काय पाहिजे आणि आपल्या माणसांना काय पाहिजे. दोन्हीकडे ‘समोरच्याला ठार मारणं’ असं उत्तर आलं तर ती लढाई पुन्हा लिहायची.

तुमचाच ओगर घ्या आणि त्याला पावसाळ्यातल्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या लाकडी पुलावर, उभा करा. खाली व्हाळ दोन्ही काठ भरून वाहतोय, साकव वीस फूट उंच, रुंदी पाच फूट, म्हणजे नकाशावर एकच चौकोन. पलीकडच्या वाडीत गॉब्लिन गोठे फोडतायत आणि गुरं रानात हाकून नेतायत. ओगरला लढण्यात काडीचा रस नाही, त्याचा वाटा ठरलेला आहे, गॉब्लिन गुरं घेऊन निघेपर्यंत कोणाला साकवावरून येऊ द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. दर राउंडाला दोन गुरं जातात. मी ती टेबलावर काजूच्या बियांनी मांडतो आणि राउंड संपला की सगळ्यांसमोर दोन बिया उचलून वाटीत टाकतो. तोंडाने काही बोलायचं नाही. बी वाटीत पडली की मोबाईल आपोआप खाली जातो.

आता ५९ हिट पॉइंट कापत बसणं हा सर्वांत वाईट मार्ग ठरतो. तीन राउंड, सहा गुरं गेली. शिवाय साकवावर एकच जण पुढे उभा राहू शकतो, म्हणजे प्रत्यक्षात तीनाहूनही जास्त. मग खेळाडू कॅरेक्टर शीट उलटीपालटी करून वाचायला लागतात, आणि तिथे ‘ढकलणे’ सापडतं. २०१४ च्या नियमांत आपल्यापेक्षा एका आकाराने मोठ्या प्राण्याला ढकलता येतं आणि ओगर मोठा असला तरी तेवढाच मोठा आहे. अॅथलेटिक्स शिकलेल्या, ताकद १६ असलेल्या फायटरला +५ मिळतात, ओगरला नुसत्या ताकदीचे +४. जवळपास बरोबरीचा सामना! मागच्याने ‘मदत’ ही अॅक्शन घेतली तर फायटर दोन फासे टाकून मोठा ठेवतो आणि पारडं आपल्याकडे झुकतं. सरळ मागे ढकलला तर तो पाच फूट सरकेल, बाजूला ढकलायचा तर बाजूच्या चौकोनात आधी जायला हवं, मग कोणीतरी म्हणतं, मी खालच्या वाशांना धरून लोंबकळत पलीकडे जातो. जाऊ द्या! अवघड फासा सांगा, पण जाऊ द्या. वीस फुटांवरून पडल्यावर ओगरला सहा बाजूंचे दोन फासे, सरासरी ७ नुकसान. मरणार नाही. व्हाळ त्याला खाली नेऊन सोडेल आणि पुढच्या महिन्यात तो तुम्हाला पुन्हा वापरता येईल, आता ओळखीचा आणि चिडलेला.

(नव्या, २०२४ च्या नियमांत ढकलण्याची स्पर्धा नाही, समोरच्याला सेव्ह (बचावाचा फासा) टाकावा लागतो. तुम्ही जुनेच वापरताय, तेच चालू द्या. मध्येच बदललंत तर आणखी दोन रविवार त्यातच जातील.)

शत्रूला काय पाहिजे हे ठरलं की तो कधी पळणार हेही आपोआप ठरतं. शेवटच्या गॉब्लिनपर्यंत लढाई नेणं हा वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे. डी अँड डीच्याच १९८१ च्या बेसिक नियमांत यासाठी मोराल (मनोधैर्य) म्हणून झकास सोय होती, मी ती आजही उचलतो. पहिला गडी पडला की एकदा आणि निम्मे पडले की पुन्हा एकदा डीएमने सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज त्या राक्षसाच्या मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर तो मैदान सोडतो. साध्या गॉब्लिनचा आकडा ७. म्हणजे दर खेपेला दहातल्या चार वेळा पळापळ. पळालेल्यांचे अनुभवगुण पूर्ण द्या, नाहीतर खेळाडू गुणांसाठी त्यांच्या मागे रानात धावतील आणि लढाई परत सुरू. शरण आलेला गॉब्लिन तर सोनंच, त्याच्याशी बोलण्यात अर्धा तास मजेत जातो.

दुसरी बाजूही आहे, काय पाहिजे त्यावरून शत्रू लढतो कसा हेही ठरतं. लांडगा भुकेला असतो, तो एका माणसाला ओढून न्यायला बघेल आणि भाजला की पळेल. गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, आणलात (आपल्याकडे आणायलाच हवा, ड्रॅगन कुठेही मिळतात) तर त्याने नखं मारत बसू नये. त्याने धरावं आणि खोल पाण्याकडे ओढावं. धरलेल्याला ओढताना वेग निम्मा होतो, म्हणजे तीस फुटांचा पंधरा. काठ पंचेचाळीस फुटांवर ठेवलात की खेळाडूंकडे तीन राउंड आहेत हे त्यांना स्वतःलाच मोजता येतं.

जागेबद्दल एक इशारा. कोकणातले आहात म्हणजे आज ना उद्या किल्ला आणणारच. मालवणच्या सिंधुदुर्गाचं महाद्वार बघितलं असेल: दोन बुरुजांच्या कवेत लपलेलं, समुद्रावरून दिसत नाही, आणि वळण घेऊन आत शिरावं लागतं, त्यामुळे चालून येणाऱ्यांवर तटावरून मारा होतो. बांधणाऱ्यांनी ते १६६४ ते १६६७ या काळात लढाई लवकर मिटावी म्हणून केलं, आणि अगदी त्याच कारणाने ते आपल्या टेबलावर जसंच्या तसं चालत नाही. चिंचोळ्या दारात दोन जण अडकून तलवारी चालवतात आणि बाकीचे दोघं रांगेत उभे. साकवावर वाशांची वाट का ठेवली ते आता कळलं असेल. किल्ल्यातही दरवाजा ठेवा, पण सोबत तटावर जाणारा जिना ठेवा, चोरदिंडी ठेवा, अर्धवट पडलेला जांभ्याचा तट ठेवा. त्याच्या आडोशाला उभा राहिला की एसीला +२. तीरंदाज तेवढ्यावर खूश असतो.

समुद्र वापरायचा मोह झाला तर भरती नको, लाट वापरा. ओहोटीला चालत जाता येणाऱ्या किल्ल्याची वाट, अलिबागच्या कुलाब्यासारखी, सगळ्यांनाच सुचते. पण भरतीला सहा तास लागतात आणि राउंडाला सहा सेकंद, आणि टेबलावर एखादा तरी डोलकरांच्या घरातला निघतोच. वाट आधीच गुडघाभर पाण्यात दाखवा, तिथे चालायला दुप्पट फूट खर्च, आणि एक राउंड सोडून एक राउंड इनिशिएटिव्ह २० ला लाट: ताकदीचा सेव्ह १२ चा, चुकला तर दहा फूट किनाऱ्याकडे. गॉब्लिनांनाही लागू. खेळाडू लाटा मोजायला लागतात, ‘आता नको, लाट जाऊ दे’ असं एकमेकांना सांगतात.

वर्णनाबद्दल माझं मत इथल्या बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. प्रत्येक वाराचं रसभरीत वर्णन करू नका. तिसऱ्यांदा ‘रक्ताची चिळकांडी उडाली’ म्हटलं की कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा राउंडाच्या सुरुवातीला एकच वाक्य, काय बदललं त्याचं: साकवाचा एक वासा कडाडला, ओगर आता डाव्या पायावर भार टाकतोय. खेळाडूला त्यावरून काही करता येतं. शेवटच्या वाराचं वर्णन मात्र ज्याने मारला त्यालाच करू द्या.

आणि दर लढाईला बिया, लाटा, गिऱ्हा असला थाट नको. सेशनला अशी एक पुरे. बाकीच्या बारीकसारीक चकमकी, म्हणजे दोन पहारेकरी किंवा एखादा कोल्हा, यांना इनिशिएटिव्हसुद्धा लावू नका. सगळ्यांना विचारा काय करताय, प्रत्येकाचा एक फासा, आणि पुढे चला.

येत्या रविवारी साकव खेळलात तर गुरं दहाच ठेवा आणि निम्मी वाचली तर वाडीवाले काय देणार हे आधी ठरवून ठेवा. खेळाडू ते हमखास विचारतात, आणि घासाघीसही करतात.