रात्रीचं इन्सुलिन वाढवत गेलो आणि पहाटे शुगर 54!

प्रश्न : मॅडम, खानापूर तालुक्यातनं लिहितोय. आईचं वय 62, वजन 58 किलो. रात्री झोपताना पेननं ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू चालणारं इन्सुलिन) आणि दोन्ही जेवणांना झटपट काम करणारं इन्सुलिन 6-6 युनिट, तेही ती जेवून झाल्यावर घेते, कारण किती जेवण जाणार ते आधी कळत नाही म्हणे. रात्रीचं आधी 16 होतं, शुगर जास्त दिसली की मीच दोन-दोन वाढवत 32 वर नेलं. आता रात्री 11 ला 260-270 असते आणि सकाळी उठल्यावर 115. परवा एकादशीला रात्री नुसतं ताक-केळं खाल्लं, जेवणाचं इन्सुलिन घेतलंच नाही, तरी पहाटे 3 ला घामानं चिंब, हात थरथरायलेत, मशिनवर 54. आता कुठलं कमी करू?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, त्या एकादशीच्या रात्रीत. जेवणाचं इन्सुलिन नव्हतंच, म्हणजे 54 वर आणलं ते एकट्या ग्लार्जिननं. हे इन्सुलिन साधारण 24 तास थेंबथेंब काम करतं, आपण काही न खाताही लिव्हर साखर सोडत असतं ना, तेवढी सांभाळणं हे त्याचं काम. रात्रीच्या भातानं चढलेली साखर उतरवणं त्याचं काम नाही. तुम्ही मात्र दोन-दोन युनिट वाढवून त्याच्याकडनं तेच करून घेताय, म्हणून भरपेट जेवण असलं की 265 वरनं 115 ला येते आणि सगळं छान वाटतं, ज्या रात्री जेवण कमी त्या रात्री आई थेट खड्ड्यात. झोपताना ते सकाळ यात 50 पेक्षा जास्त घसरण, किंवा किलोमागे अर्ध्या युनिटच्या वर डोस (58 किलोला 29) दिसला की आम्ही डॉक्टर लोक सावध होतो, तुमच्याकडे तर दोन्ही आहेत.

खरी गडबड रात्रीच्या जेवणात आहे. झटपट वालं इन्सुलिन जेवणाआधी 10-15 मिनिटं घ्यायचं असतं, दवाखान्यात सिस्टर कन्नडमध्ये 'ऊटद मुंचे' (जेवणाआधी) म्हणतात ते याचसाठी. जेवून उठल्यावर, भांडी आवरून घेतलं तर भात पुढे आणि इन्सुलिन मागे. किती जेवणार कळत नाही ही अडचण खरी आहे, वयस्कर माणसांत नेहमीची, त्यावर उपाय म्हणजे ताट आधी वाढून घ्यायचं, एक वाटी भात आणि एक भाकरी ठरलेली, मग सुई, मग जेवण. अगदीच भरवसा नसेल तर जेवण संपल्या संपल्या लगेच, पण हे डॉक्टरांना विचारून.

आता आकडे. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, 54 ची गोष्ट सांगा, आजच्या रात्रीचा डोस त्यांनाच ठरवू द्या, बहुतेक ते ग्लार्जिन कमी करून रात्रीच्या जेवणाचं वाढवतील. मी इथनं युनिट सांगणार नाही, किडनी कशी आहे तेही मला माहीत नाही. पण ग्लार्जिन एकदम बंद करू नका, उपास असला तरी नाही. जेवण नाही तर जेवणाचं नाही, एवढंच. मग तीन दिवस वहीत लिहा: सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, आणि एका रात्री 3 चा गजर लावून. उपाशीपोटीचा आकडा ग्लार्जिनचा, जेवणानंतरचा झटपट वाल्याचा, पण झोपतानाचा बघितल्याशिवाय सकाळचा 115 फसवतो, तुम्हाला फसवलाच की.

शुगर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासा. घरात कुंदा (आपली खव्याची मिठाई) असेल तर तो नको, खव्याच्या तुपानं साखर उशिरा चढते (बेळगावकरांना हे सांगणं जिवावर येतं!). शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि एक, पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधनं लाल टोपीच्या सिरिंजनं ओढू नका. ती 40 ची असते (एका मिलीला 40 युनिट), पेनमधलं इन्सुलिन 100 चं, 32 च्या खुणेपर्यंत ओढलंत तर आईला 80 युनिट जातील.