ताजला राहायचंय, पण बुजायला होतंय

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेले होते, की लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं मुंबईच्या ताजमध्ये एक रात्र राहून आलो. त्या एका ओळीवर जेवढे प्रश्न आले तेवढे कधी पापड-बिबड्यांवर लिहिलं तेव्हाही आले नव्हते. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग नको.

प्रश्न : ताई, आम्ही खेड्यातले, कापूस आणि थोडा मका. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्यानं आम्हाला न विचारता ताजचं दोन रात्रीचं बुकिंग करून टाकलं. ही म्हणते मी नाही येत, तिथं सगळे इंग्रजी बोलणारे, आपल्याकडं बघून हसतील. मी पायजमा, नेहरू शर्ट, टोपी असा माणूस. काय करावं?
— एक वाचक, पाचोरा तालुका

उत्तर : भाऊ, जा. वहिनींना सांगा की ही सदर लिहिणारी बाईसुद्धा दारासमोर पाच मिनिटं पर्स चाचपत उगाच उभी होती. दारात बॅगा मशीनमधून जातात, आपणही त्या चौकटीतून जायचं, ते सगळ्यांनाच आहे, गोऱ्या पाहुण्यालाही, त्यात आपल्यावर संशय घेतला असं मनात आणायचं नाही. आत गेलं की कोण तुमच्या टोपीकडं बघतंय, जो तो स्वतःचे फोटो काढण्यात गुंग. मी काउंटरवर पहिलं वाक्यच मराठीत बोलले, समोरच्या पोरानं मराठीतच उत्तर दिलं, आणि मग माझी जीभ सुटली ती सुटलीच. वहिनी नऊवारी नेसत असतील तर तीच नेसू द्या, नवीन चापूनचोपून ड्रेस घेऊन दिवसभर ओढणी सावरत बसण्यापेक्षा बरं.

आता कामाचं. रात्रीच्या गाडीनं निघालात तर सकाळी सहा-सातलाच सीएसएमटीला उतराल आणि मोठ्या हॉटेलात खोली मिळते दुपारी दोनच्या पुढं. तेवढ्या वेळ काय करायचं म्हणून घाबरू नका, बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, पावती देतात, तुम्ही मोकळे. दोघांची आधार कार्डं ओरिजिनल न्या. मुलानं पैसे भरलेत तरी काउंटरवर वरखर्चासाठी कार्ड मागतात, काही रक्कम अडकवून ठेवतात आणि निघताना सोडतात, तर मुलाला आधीच विचारून ठेवा की त्याची काय सोय केलीय, नाहीतर तिथं फोनाफोनी होते. नाश्ता धरून बुकिंग आहे का तेही विचारा. खोलीतल्या छोट्या फ्रीजमधल्या वस्तूंचे पैसे वेगळे लागतात, काजूचं पाकीट दिसलं की यजमानांचा हात आधी तिकडं जातो (आमच्यांचा गेला होता). बॅग आणून देणाऱ्या पोराच्या हातावर शंभर-दोनशे ठेवले तरी पुष्कळ.

प्रश्न : जाहिरातीत हेरिटेज लिहितात आणि खाली लिहितात रिनोव्हेटेड. मग जुनं काय राहिलं? सगळं नवीनच केलं असेल तर एवढे पैसे कशाचे?
— एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर

उत्तर : बाई, हाच खरा प्रश्न आहे, आणि मी तो पैसे घालवून शिकले. काही वर्षांपूर्वी आम्ही किनाऱ्यावरच्या एका शहरात अशाच एका जुन्या वाड्याच्या हॉटेलात उतरलो होतो, नाव नको. समोरनं बघाल तर कमानी, सागवानी खांब, झुंबर. आमची खोली निघाली मागच्या अंगाला नव्यानं बांधलेल्या भागात, प्लायवूडला जुनाट पॉलिश मारलेलं, आणि सी व्ह्यू म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून मान वाकडी केली तर दोन बोटं समुद्र. भांडायलाही तोंड नव्हतं, कारण बुकिंग करताना कोणत्या भागातली खोली हे आम्ही विचारलंच नव्हतं.

ताजचंही तसंच आहे, म्हणजे फसवणूक नाही हो, पण दोन वेगवेगळ्या इमारती आहेत. घुमटवाली ती पॅलेस विंग, १९०३ च्या डिसेंबरात १६ तारखेला उघडलेली. शेजारची उंच ती टॉवर विंग, १९७३ ची, तिथं आधी ग्रीन्स नावाचं दुसरं हॉटेल होतं ते पाडून बांधली. टॉवर सहसा स्वस्त पडतो, खोल्या छान आहेत, वरच्या मजल्यावरून समुद्र तर फारच झकास दिसतो, पण जुन्यात राहिलो असं म्हणायचं असेल तर पॅलेस. एकदा टॉवरमध्ये राहिलं तरी पॅलेसच्या जिन्यावर, कॉरिडॉरमध्ये फिरायला मिळतंच म्हणा.

आणि जुनं काय राहिलं म्हणाल तर ऐका. २६ नोव्हेंबर २००८ ला जो हल्ला झाला त्यात पॅलेसचीच नासधूस जास्त झाली, घुमटाखालून धूर निघतोय ते चित्र आपण सगळ्यांनी टीव्हीवर रात्र रात्र बघितलंय. हॉटेलात ३१ माणसं गेली, त्यात पाहुणे होते आणि त्यांना सोडून न पळालेले तिथले कामगारही होते. टॉवर महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला, सुरू केला. पॅलेसला मात्र वेळ लागला, तो उघडला १५ ऑगस्ट २०१० ला. म्हणजे तुम्ही ज्या खोलीत झोपाल तिथला पलंग, पडदे, नळ, गालिचा हे सगळं नवीन, त्यात जुनेपण शोधू नका. जुनं म्हणजे दगडी अंग, तो मधला जिना, त्याच्या भोवतीचे कठडे, आणि समोरचा समुद्र.

आपल्याकडं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर दुरुस्त करतात तेव्हा काय होतं बघा. धाबं काढून स्लॅब टाकतात, सारवणाच्या जागी टाइल्स येतात, पण माजघरातला सागाचा खांब आणि दाराची चौकट कोणी काढत नाही, आणि म्हणून ते घर आजोबांचंच राहतं. माझ्या माहेरी खांबही काढले, तर आता तिथं गेलं की कोणाच्या तरी दुसऱ्याच्याच घरी आल्यासारखं वाटतं. ताजवाल्यांनी खांब ठेवलेत. म्हणून मी तिथं पैसे वसूल झाले असं म्हणते, आणि त्या दुसऱ्या हॉटेलाचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं.

जिन्याचं तर वेड लागतं. मध्ये मोकळा चौक, वर बघितलं की घुमट, आणि जिना अधांतरी असल्यासारखा वर जातो, खाली खांबच नाही. तो जिना केला इमारतीचे कंत्राटदार सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी. आम्ही लिफ्ट सोडून त्यावरूनच चढउतार करत बसलो, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या. राहणाऱ्या पाहुण्यांना हॉटेलचीच माणसं इमारत फिरवून दाखवतात, इतिहास सांगतात, त्याचं काउंटरवर आल्या आल्या विचारा, ते चुकवू नका. लॉबीत त्या ३१ जणांच्या नावाचं स्मारक आहे, तिथं दोन मिनिटं थांबा.

प्रश्न : हॉटेल उलटं बांधलं गेलं आणि ते बघून आर्किटेक्टनं जीव दिला हे खरं का? आमच्या सहलीच्या गाइडनं छातीठोक सांगितलं होतं.
— दहावीची विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : साफ खोटं, बाळा. मूळ दार मागल्या बाजूला, शहराकडं होतं, जिथं आता पोहण्याचा तलाव आहे तिकडं, बग्ग्या तिथं येऊन थांबायच्या आणि समुद्राची बाजू मुद्दाम खोल्यांना ठेवलेली. पुढं दार समुद्राकडं आणलं आणि लोकांनी गोष्ट रचली. आराखडा होता सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी व्हायच्या आधीच आजारानं गेले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काम पूर्ण केलं. आपल्या मराठी माणसाचं एवढं मोठं काम आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, माहीत काय तर जीव दिल्याची थाप!

अजून एक गंमत, तुझ्या गाइडला सांग. गेटवे ऑफ इंडिया १९२४ ला पुरा झाला, म्हणजे हॉटेल गेटवेपेक्षा २१ वर्षांनी मोठं आहे. फोटोत आपण गेटवेमागं ताज म्हणतो, खरं तर ताजपुढं गेटवे आला.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालो. एका रात्रीला एवढे पैसे घालवणं मला तरी पटत नाही. कमी पैशात अनुभव घेता येईल का? आणि टाटांना त्या काळात हे सुचलं कसं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, घेता येतो ना. पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, राहत नसलात तरी जाता येतं, फोन करून खिडकीकडचं टेबल मागा. दुपारच्या चहाला बसलात की समोर गेटवे, लाँची, कबुतरं. मुंबईतल्या घरांमध्ये मुलगा-मुलगी दाखवायचे कार्यक्रम पिढ्यानपिढ्या तिथं होत आले. स्वस्त नाहीच, पण खोलीच्या भाड्यापुढं काहीच नाही. खाली हार्बर बार आहे १९३३ चा, शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणतात, आम्ही दारातूनच बघून आलो.

राहायचंच ठरलं तर पावसाळ्यात दर उतरतात, आणि खवळलेला समुद्र खिडकीतून बघायला उलट मजा, फक्त लाँची बऱ्याचदा बंद असतात. भाडं बघताना त्यावरचा टॅक्स धरून बघा, दिवसाला ७,५०० च्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे वीस हजार लिहिलेलं असलं तर भरायचे तेवीस हजार सहाशे. आमच्यांनी पैसे भरायच्या क्षणी हा हिशेब केला आणि खुर्चीतच बसले.

जमशेटजी टाटांचं म्हणाल तर वॉटसन हॉटेलात भारतीय म्हणून प्रवेश नाकारला आणि त्यांनी चिडून ताज बांधलं, ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती खरी असल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. तरी वॉटसन बघून याच, काळा घोड्याला आहे, ताजपासून चालत जाण्यासारखं. १८६० च्या दशकातली लोखंडी सांगाड्याची इमारत, सांगाडा इंग्लंडहून जहाजानं आणलेला. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला तो तिथं, ७ जुलै १८९६ ला. त्या काळी गोऱ्यांचं सगळ्यात भारी हॉटेल ते, आणि आज गंजून, मोडकळीला येऊन उभं आहे. दोन्ही एकाच दुपारी बघा, मग रिनोव्हेशनला पैसे का लागतात हे मला सांगावं लागणार नाही.

आणि तुम्ही रेल्वेवाले म्हणून सांगते, जमशेटजींची एम्प्रेस मिल नागपूरची, १८७७ ची. मुंबईहून नागपूरला जायचं तर भुसावळ ओलांडल्याशिवाय कसं जाणार? तुमच्याच प्लॅटफॉर्मवर म्हाताऱ्यानं कधीतरी पाय मोकळे केले असतील. हॉटेल उघडल्यावर पाचच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, ते गेले. त्यानंतर पहिल्या महायुद्धात त्याच हॉटेलाचं ६०० खाटांचं हॉस्पिटल केलं होतं.

प्रश्न : तिथं वेळ कसा घालवला? आम्ही बाहेरच फिरत राहिलो तर खोलीचे पैसे वाया.
— नवीन लग्न झालेली, धुळे

उत्तर : बरोब्बर ओळखलंस. एलिफंटा दुसऱ्या वेळी कर, आणि सोमवारी तर लेणी बंदच असतात. मी पहाटे चारला उठून खिडकीत बसले. गेटवेपुढं माणूस नाही, फक्त झाडूवाले आणि कुत्री, पाण्यावर लाँचींचे दिवे. हळूहळू उजाडलं, पहिला चहावाला आला. एवढंच. पण परत आल्यावर शेजारीण म्हणाली, "कथा गयथी व माय?" (कुठं गेली होतीस गं बाई?) तेव्हा मला तेच आठवलं, पलंग नाही की झुंबर नाही.

प्रश्न : डबा नेला तर चालतो का? सासूबाई बाहेरचं खात नाहीत.
— एक सून, चोपडा

उत्तर : खोलीत तुम्ही काय खाता ते कोणी बघायला येत नाही, रेस्टॉरंटमध्ये तेवढा उघडू नका. आम्हीही नेला होता, कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. दोन प्लेटी मागवल्या तर तो पोरगा चार प्लेटी, सुरी-काटे, कडक इस्त्रीचे नॅपकिन असं सगळं ट्रेवर मांडून घेऊन आला, ठेच्याच्या वासानं त्याला ठसका लागला आणि मग तोच हसला. भाकरी दोन दिवस टिकते, ठेचा टिकतो. भरीत मात्र नेऊ नका, गाडीतच आंबतं.