दहा गुंठे संपल्यावर

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा चार्ल्सटनजवळचा एक जुना मळा पाहिला. तिथल्या भातशेतीवर गुलामांना रोजचं काम नेमून दिलेलं असे आणि ते उरकलं की उरलेला दिवस त्यांचा, असं सांगण्यात आलं. मग इतर मळ्यांपेक्षा त्यांचं जगणं बरं होतं, असं म्हणता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सांगितलं ते खरं आहे. त्यावरून ‘बरं होतं’ म्हणायला मात्र माझं मन धजत नाही.

चार्ल्सटन ज्या राज्यात आहे, त्या साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर बेणणीचं, म्हणजे तण काढायचं, एका माणसाचं दिवसाचं काम असे साधारण पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. धडधाकट बाईलाही तेवढंच. माझं माहेर राजापूरकडचं. लावणी, बेणणी, झोडणी सगळं केलंय. रोज उठून एकट्यानं दहा गुंठे बेणायचे म्हणजे काय, हे भात पिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि शेतातून सुटलं तरी कांडप असायचंच. जोनाथन लुकास यानं १७८७च्या सुमारास पाण्यावर चालणारी गिरणी उभारली. त्याआधी हजारो मण भात लाकडी उखळात हातानं कांडलं जाई, तेही पहाटे शेतावर जाण्याआधी आणि परतल्यावर रात्री. दाणा अख्खा राहिला पाहिजे, कारण युरोपात भाव अख्ख्या तांदळाला होता. कणी उरायची ती कांडणाऱ्यांच्या वाट्याला. शिधा बहुतेक मक्याचा नाहीतर रताळ्यांचा, तोही पोटभर नाही. मग त्या ‘मोकळ्या’ वेळात माणसं परसात भाजी लावत, कोंबड्या पाळत, खाडीत मासे धरत. बायका चार्ल्सटनच्या बाजारात भाजी, अंडी विकत. म्हणजे स्वतःला जगवण्याचं कामही त्यांनीच करायचं आणि मालकाचा दाण्यागोट्याचा खर्च वाचवायचा. असल्या वेळाला मी सवलत म्हणणार नाही.

उन्हाळा आला की हिवतापाच्या भीतीनं मालक मंडळी शहरात निघून जात. दलदलीत गुलाम राहत आणि त्यांची लेकरं. कित्येक भातमळ्यांवर निम्म्याहून अधिक मुलं मोठी होण्याआधीच दगावली. भातावर लिहिताना मी इथे दर वेळी थांबते.

१७३९मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी कायदा आला : उन्हाळ्यात दिवसाला १५ तासांहून जास्त काम घेऊ नये. म्हणजे १५ तास कायदेशीर! त्याच कायद्यानं गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरवलं.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण सांगायलाच हवी. यांतली बरीच माणसं पश्चिम आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या मुलखांतून पकडून आणलेली होती. टाचेनं बी मातीत दाबायची रीत, उखळ-मुसळ, पाखडायची गवती टोपली, हे सारं त्यांच्याकडचं. नदीकाठचे मैलोन्‌मैल बांध त्यांनीच फावड्यानं घातले. तुम्ही चार्ल्सटनच्या बाजारात गवताच्या शिवलेल्या टोपल्या पाहिल्या असतील. त्या विणणाऱ्या बायका बहुतेक याच लोकांच्या वंशातल्या.

पुन्हा जाणं झालं, तर मळा दाखवणाऱ्याला विचारा, कांडप कुठे व्हायचं आणि किती वाजता सुरू व्हायचं.