सरकारी मेडिकल कॉलेजातल्या पोरांना आपली आरोग्य व्यवस्था कशी वाटते?

तुम्ही विचारलंय की सरकारी दवाखान्यांबद्दल मेडिकलच्या पोरांचं खरं मत काय आणि सगळ्यांना परदेशातच का जायचं असतं. मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात इंटर्नशिप करतेय, सगळ्यांच्या वतीने नाही बोलू शकत पण हॉस्टेलवर रात्री जे बोलणं चालतं ते साधारण असं असतं.

कागदावर व्यवस्था एकदम भारी आहे हो. पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य हा विषय) पेपरात आम्हीच लिहून आलोय, ५ हजार लोकांमागे उपकेंद्र, ३० हजारांमागे पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र (आदिवासी आणि डोंगरी भागात ३ हजार आणि २० हजार), त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय. पण कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) ड्युटी लागली की कळतं, मधली बरीच ठिकाणं नुसती रेफर चिठ्ठी लिहायला आहेत. बाई अडलीये, गायनॅकचे डॉक्टर हजर आहेत पण भूलतज्ज्ञ नाही, मग भुलीशिवाय सिझर कसं करणार, टाका १०८ मध्ये आणि पाठवा पुढे, पुढे रक्त नाही, की अजून पुढे. आमच्यापर्यंत येता येता नातेवाईक इतके वैतागलेले असतात की सगळा राग समोर दिसेल त्या इंटर्नवर, आणि खरं सांगू, मला त्यांचं चुकीचं वाटत नाही.

बाहेरच्यांना एक माहीत नसतं. पीएचसी, ग्रामीण रुग्णालय वगैरे सार्वजनिक आरोग्य विभागाचं आणि मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणजे दोन वेगळी खाती. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरपासून सगळं मोफत झालं, पण कॉलेजची हॉस्पिटलं त्या निर्णयात नव्हती. आता तिकडे फुकट तपासून आलेल्या आजोबांना इकडे पैसे का भरायचे हे कोण समजावणार? आम्हीच.

सगळं वाईट नाहीये. लसीकरण, टीबीची मोफत औषधं, आशाताईंचं काम, याला आम्ही सगळेच मानतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मोफत अँजिओप्लास्टी होते ही पण मोठी गोष्ट आहे. फक्त त्याच माणसाला आधी दहा वर्षं बीपीची गोळी नियमित मिळाली असती तर ही वेळ आली असती का, यावर आमची वादावादी ठरलेली.

पोरांना गावात जायचं नसतं ते फक्त पैशासाठी हे मला पटत नाही. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष करावंच लागतं. पण नुकत्याच पास झालेल्या पोराला रात्री पीएचसीत एकटं बसवायचं, काही झालं तर विचारायला सिनियर नाही आणि बाहेर जमाव, याची धास्ती जास्त असते.

परदेशाचं म्हणाल तर बॅचमधले मोजकेच तिकडच्या परीक्षांच्या मागे आहेत, बाकी सगळे 'नीट-पीजी'त, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात बुडालेत. पीएचसीतच राहणार म्हणणारी एकच मैत्रीण आहे, गडचिरोलीकडची, आणि तिला पण घरचे विचारतात की पीजी कधी करणार.