निसर्ग पर्यटन आणि साहसी खेळांचे मोठमोठे आकडे येतात कुठून?

तुम्ही विचारलंय, अभयारण्यांची तिकिटं एवढी स्वस्त असतात, मग निसर्ग पर्यटनातून आणि साहसी खेळांतून अब्जावधी मिळतात असं कशाच्या जोरावर सांगतात? तिकीट हा या हिशोबातला किरकोळ भाग आहे. खरा पैसा वाटेत आणि मुक्कामात खर्च होतो.

राफ्टिंगचंच बघा. राफ्टमागे एक गाईड, बऱ्याचदा सुरक्षेसाठी सोबत एक कायाकवाला, म्हणजे छोट्या निमुळत्या होडीतला माणूस. लाइफ जॅकेट, हेल्मेट, वल्ही झिजतात, बदलावी लागतात. राफ्ट फाटला की जोडून देणारा लागतो. खाली जिथे पाण्यातून बाहेर पडतात, तिथून माणसं आणि राफ्ट परत आणायला गाडी लागते. शिवाय राहणं आणि जेवणखाण. यातलं काहीच नदीच्या नावावर जमा होत नाही, सगळं वाहतूक, हॉटेल, किरकोळ विक्री अशा खात्यांत विखुरलेलं असतं. म्हणून अमेरिकेने २०१६ मध्ये कायदाच करून हे तुकडे वेचून वेगळं खातं मांडायला लावलं. २०२२ साली त्या खात्यातलं मूल्यवर्धन (विक्रीतून बाहेरून घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून उरलेली भर) ५६३.७ अब्ज डॉलर भरलं, म्हणजे जीडीपीच्या २.२ टक्के, आणि रोजगार जवळपास ५० लाख. त्यात गोल्फसुद्धा धरलेलं आहे, तेव्हा सगळं श्रेय डोंगर-नद्यांना देऊ नका.

हा झाला प्रत्यक्ष खर्च. पण माणसाला त्या जागेचं मोल खर्चापेक्षा जास्त वाटत असेल तर? हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्रातून एक युक्ती सुचवली. उद्यानाभोवती वर्तुळं आखायची आणि प्रत्येक पट्ट्यातून लोकसंख्येच्या मानाने किती माणसं येतात ते बघायचं. प्रवासखर्च वाढतो तशी संख्या किती घटते, यावरून मागणीचा आलेख काढता येतो. लांबचे लोक एवढा खर्च सोसून येतात, तर जवळच्यांपैकीही अनेकांनी तेवढे पैसे मोजले असते. त्यांचे ते वाचतात. हा वाचलेला फरकही त्या जागेने दिलेला लाभच. मला ही कल्पना आजही फार देखणी वाटते.

आता मला अस्वस्थ करणारा आकडा. २०१५ च्या एका जागतिक अंदाजानुसार संरक्षित क्षेत्रांना वर्षाला सुमारे ८ अब्ज भेटी होतात आणि पर्यटक त्या-त्या देशात थेट ६०० अब्ज डॉलर खर्च करतात. त्या क्षेत्रांच्या राखणीवर मात्र तेव्हा १० अब्जही खर्च होत नव्हते.

शिवाय पैसा राहतो कुणाकडे, हा प्रश्न आहेच. टूर कंपनी बाहेरची, हॉटेल बाहेरचं, सामान आयात केलेलं असेल तर गावाला मजुरीच तेवढी मिळते. रवांडाने इथे ठाम भूमिका घेतली. गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी १५०० डॉलर केला, एका कळपाकडे एका वेळी आठच पर्यटक, तेही तासभर. आणि उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला वाटा ५ वरून १० टक्के करून भोवतालच्या गावांना दिला. ज्याच्या शेतात रानरेडे घुसतात, त्याला जंगल टिकावं असं वाटायला असंच काहीतरी कारण लागतं.

तेव्हा असा अहवाल हाती आला की आधी बघा, आकडा उलाढालीचा आहे की मूल्यवर्धनाचा. उलाढालीत तोच रुपया अनेकदा मोजला जातो. मग बघा, निसर्गाची झालेली झीज वजा केली आहे का. बहुतेकदा केलेली नसते. थायलंडमधल्या माया बेमध्ये दिवसाला हजारो पर्यटक येत होते आणि प्रवाळ मरत होतं. २०१८ मध्ये ती खाडी बंद करावी लागली, ती उघडली २०२२ च्या जानेवारीत. ती बुडालेली कमाई आधीच्या गर्दीच्या वर्षांच्या नफ्यातूनच वजा करायला हवी.