‘घरी सांगू नका ना मॅडम’

ताई,
मी नाशिकच्या सिडकोतल्या एका अनुदानित शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. वय ३१, वर्गात ६४ मुलं. ‘तुम्ही मुलांशी छान बोलता’ असं म्हणून सरांनी दोन वर्षांपूर्वी समुपदेशनाचं काम माझ्याकडे दिलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेवढंच. वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर रोज पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. एकदा ऑफ तासाला थांबवून विचारलं तर रडायलाच लागला. वडिलांची अंबडच्या कंपनीतली नोकरी गेली, ते रात्री पिऊन येतात, आणि त्यांच्या गाडीचा आवाज येईपर्यंत याला झोप लागत नाही. शेवटी म्हणाला, ‘घरी सांगू नका ना मॅडम.’ मी ‘नाही सांगणार’ म्हटलं. पण राहवलं नाही. चार दिवसांनी वडिलांना फोन केला, ‘मुलगा टेन्शनमध्ये आहे, घरी जरा लक्ष द्या,’ असं अगदी गोडीत सांगितलं. घरचं शाळेत सांगतोस म्हणून त्या रात्री त्यांनी त्याला मारलं. मला हे त्याच्या मित्राकडून कळलं. आता तो माझ्याकडे बघतही नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, कशाला नसत्या भानगडीत पडलात. मी हे काम सोडून देऊ का? त्याच्याशी बोलू तरी कशी? मला एकेरीच म्हणा.
— एक वर्गशिक्षिका

प्रिय मैत्रिणी,

चुकलंच तुझं. तुला बरं वाटावं म्हणून मी हे पातळ करून सांगणार नाही, कारण नेमकं काय चुकलं ते कळल्याशिवाय तू त्या मुलासमोर नीट उभी राहू शकणार नाहीस. घरच्यांशी बोलावंसं वाटणं चूक नव्हतं. ‘नाही सांगणार’ हा शब्द तू न तपासता देऊन टाकलास, ही पहिली चूक. मग तो मोडताना त्याला विचारलं नाहीस. आणि ज्या माणसाच्या गाडीच्या आवाजानं त्याची झोप उडते, नेमकं त्याच माणसाला जाऊन सांगितलंस.

पण सगळ्यात आधी एक गोष्ट. तुझ्या पत्रात मार एकाच रात्रीचा आहे. त्यानंतर काय झालं, ते त्यात नाही. या आठवड्यात तेवढं बघ. हात उचलताना, दप्तर पाठीला लावताना त्याला दुखतंय का? पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतो का? खेळाच्या तासाला बाजूला बसून राहतो का? पुन्हा मार बसतोय असं दिसलं, तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करायचा. तो मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो. मुख्याध्यापकांनाही आता सांगायलाच हवं. हे ओझं एकटीनं वाहायचं नसतं, आणि अशा बाबतीत एकटीनं ठरवायचंही नसतं. सांगण्याआधी मात्र मुलाच्या कानावर घाल. पुन्हा त्याच्या पाठीमागे काही नको.

आता माफीचं. मागायचीच. वर्गात नको, मित्रांसमोर नको, आणि स्टाफरूममध्ये तर मुळीच नको. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला, चार लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. समोरासमोर बसू नकोस, शेजारी उभी राहा. आठवीतल्या मुलाला डोळ्यात डोळे घालून बोलायला लावणं ही शिक्षाच असते. आणि थोडक्यात बोल: ‘तू मला विश्वासानं सांगितलंस. मी सांगणार नाही म्हणाले आणि तरी सांगितलं. त्यामुळे तुला मार बसला. चूक माझी आहे, तुझी नाही. तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल.’ एवढंच. ‘पण मी तुझ्या भल्यासाठीच’ हे वाक्य तोंडाशी येईल, ते गिळ. तो काहीच बोलणार नाही, मान फिरवून निघून जाईल. जाऊ दे.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली लिहिलं होतं की समुपदेशकाकडून माणसाला तीन गोष्टी मिळाव्या लागतात. आपल्या जागी उभं राहून आपल्याला समजून घेणं, अटी न घालता आपला स्वीकार, आणि समोरचा आतून-बाहेरून एकच असणं. पहिल्या दोन गोष्टी प्रशिक्षणात सगळ्यांना सांगतात. तिसरी राहून जाते. शिक्षकांना तीच जड जाते, कारण मुलापुढे ‘चुकलं माझं’ म्हणायची आपल्याला सवय नसते. ही माफी म्हणजे ती तिसरी गोष्ट आहे.

माझंही एक सांगते. मी पंचवटीतल्या एका शाळेत बरीच वर्षं शिकवलं. नववीतल्या एका मुलीनं डबा खाणं सोडलं होतं. मी तिला प्रयोगशाळेत बोलावून चांगली वीस मिनिटं समजावलं. आरोग्य, अभ्यास, आईचे कष्ट, काही म्हणून सोडलं नाही. ती ‘हो बाई, हो बाई’ म्हणत होती आणि तिचे हात पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. ते झाकण मला त्या वेळी दिसत होतं, पण मी ते पाहिलं नाही. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. तिला काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि ते अजून सलतं. शाळेत ज्याला आपण समुपदेशन म्हणतो, ते पुष्कळदा नुसतं समजावणं असतं. तू मात्र त्या मुलाला रडू दिलंस, ऐकून घेतलंस. अवघड होतं ते तुला जमलं होतं. घसरलीस ती पुढे.

म्हणून यापुढे कुणीही मूल बोलायला बसलं की त्यानं तोंड उघडायच्या आत हे सांगायचं: ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला, अंगाला धोका आहे असं वाटलं, तर मला आणखी एका माणसाला सांगावं लागेल. कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन.’ मुलं यानं गप्प होतील अशी भीती वाटते. थोडी होतातही. पण जे बोलतात, ते जाणून बोलतात. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर तिथे मर्जीचा प्रश्नच उरत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या वेळी खोदून खोदून विचारू नकोस. ऐक, तू सांगितलंस ते बरं केलंस म्हण, आणि कळव.

तो पुन्हा बोलायला लागला, तर तुझ्याकडे वेळ दहा मिनिटांचाच असेल. त्याला साजेशी एक पद्धत आहे. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या मानसोपचार करणाऱ्या जोडप्यानं अमेरिकेत मिलवॉकीला ती उभी केली. त्यात दुखणं खणत बसण्यापेक्षा, ते कमी असतं तेव्हा काय वेगळं असतं ते शोधतात. ‘मागच्या आठवड्यात कुठल्या रात्री झोप लागली?’ असं विचार. समज, तो म्हणाला, मामा आले होते तेव्हा. मग मामा हा धागा. ‘शून्य ते दहामध्ये आज किती?’ तीन म्हणाला तर ‘तीनच का?’ असं विचारायचं नाही. ‘दोन का नाही, कशामुळे तीन झाले?’ असं विचारायचं. मूल थांबतं, विचार करतं, आणि आपल्याकडेही काहीतरी आहे हे त्याच्याच तोंडून त्याला ऐकू येतं.

एक पद्धत मात्र त्याच्यावर वापरू नकोस. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार ओळखून ते बदलायला शिकवणारी पद्धत, आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत आली आणि रुजली. तुमच्या प्रशिक्षणात ती असणारच. परीक्षेची धास्ती घेणाऱ्या, ‘मला नव्वद टक्के पडलेच पाहिजेत’ म्हणणाऱ्या मुलांना तिचा फार उपयोग होतो. पण या मुलाची भीती अविवेकी नाही. गाडी खरंच येते, आरडाओरडा खरंच होतो. खऱ्या भीतीला ‘तुझा विचार बदल’ म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा एकटं पाडणं.

एलिस तुझ्या कामाचा आहे. ‘मी चुकले’ आणि ‘मी नालायक आहे’ ही दोन वाक्यं त्यानं जन्मभर वेगळी करून दाखवली. कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका, हे त्याचं सांगणं. काम सोडू का, हा तुझा प्रश्न दुसऱ्या वाक्यातून आलाय.

स्टाफरूममधले लोक अर्धे बरोबर आहेत. तू मानसोपचारतज्ज्ञ नाहीस, आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर हे काम कुणाच्या गळ्यात घालणं योग्यही नाही. पण यावरचा उपाय मुलांकडे पाठ फिरवणं हा नव्हे. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंदर्भातल्या निकालात मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं, असं त्यात आहे. तुझ्या एका तुकडीतच ६४ मुलं आहेत. तो निकाल छापून सरांच्या टेबलावर ठेव. तोंडी सांगू नकोस, अर्जासोबत दे आणि पोच घे. त्यात या कामासाठी वेळापत्रकात दोन तास, कुलूप लागणारं एक कपाट, आणि महिन्यातून एकदा तुझंच ऐकून घेणारा एखादा अनुभवी समुपदेशक, एवढं माग. हे शेवटचं सोडू नकोस. तुला तेव्हा विचारायला कुणी असतं, तर तो फोन कदाचित झालाच नसता.

मरणाची भाषा कुणी केली, ‘मी नसलो तर बरं’ असं काही म्हणालं, तर सरळ विचार: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही. येतं ते हायसं वाटणं. मग त्याला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, आणि तूही लावू शकतेस. पुढच्या उपचारासाठी सिव्हिलचा मानसोपचार विभाग आहे.

त्याच्या आईशी बोलावं का, हे त्यालाच विचार. हो म्हणाला तर तिला प्रगतिपुस्तकाच्या निमित्तानं शाळेत बोलाव, फोनवर काही बोलू नकोस, फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. तिच्यासाठी १८१ हा महिलांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेव. वडिलांशी पुन्हा तू बोलायचं नाहीस. दारू ही त्यांचीही व्याधी आहे, त्यावर उपचार होतात, पण ते सांगणारा माणूस तू असू नयेस.

उद्यापासूनचं एक साधं काम. पहिला तास तुझाच आहे ना? हजेरीत त्याचं नाव इतरांसारखंच घे, ना जास्त मऊ, ना कोरडं. आणि त्याचं डोकं बाकावर टेकलं तर झोपू दे. शेजारच्या मुलाला सांगून ठेव, मधल्या सुट्टीत त्याला वही द्यायची.

तुझी,
ताई